शेतात वापरायच्या छोट्या कॉम्प्युटरला पोर्ट कोणते हवेत? माझं मत



गेल्या महिन्यात कृषीच्या शेवटच्या वर्षाची चार पोरंपोरी आमच्याकडं येऊन गेली. शेतकऱ्यानं हातात धरून वापरायचा छोटा कॉम्प्युटर कसा असावा, यावर त्यांचं काम चाललंय. मोबाईलपेक्षा जरा जाड, टॅबपेक्षा लहान. पीक पाहणी, फवारणीच्या नोंदी, माती परीक्षणाचा कागद, दुधाचा हिशेब, सगळं एकाच यंत्रात. प्रश्नावली आणली होती. स्क्रीन केवढी पाहिजे, भाषा कुठली, बॅटरी किती वेळ टिकावी, रंग कोणता आवडेल. रंगसुद्धा विचारला! ओसरीवर दोन तास बसली, दोनदा चहा झाला, शेवटचं पान उलटलं, पण वायर खुपसायच्या जागेबद्दल एक प्रश्न नाही. मीच विचारलं, "बाळ, याला पोर्ट कोणते ठेवणार?" त्यातली एक पोरगी म्हणाली, "काका, टाईप सी असेल ना एक. आता सगळ्यांना तेच असतं."

पोरगी हुशार होती, तिला नावं ठेवायची नाहीत. पण तिच्या त्या "असेल ना एक" वर मला रात्री झोप लागली नाही म्हणून हे लिहायला बसलो. लांबलंय, सावकाश वाचा.

आधी माझ्यावर काय गुदरलं ते सांगतो, म्हणजे या विषयाचा मला एवढा पुळका का ते कळेल. ई-पीक पाहणी आपल्या राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झाली. तलाठ्यानं करायची पिकाची नोंद आता आपण आपल्या मोबाईलवर करायची, शेतात उभं राहून फोटो काढायचा. चांगली गोष्ट आहे, माझी तक्रार नाही. 2022 च्या खरिपात माझे चार तुकडे होते, दोन घराजवळ आणि दोन भाटघरच्या पाण्याच्या पलीकडल्या अंगाला. तिकडं रेंजचं नाव नाही. त्यामुळं फोटो काढायचे, नोंद फोनमध्ये ठेवायची आणि घराकडं आल्यावर पाठवायची, असा बेत. सगळं नीट केलं. संध्याकाळी घरी आलो तर फोन पाच टक्क्यावर. पिन लावली, चार्जिंग होईना. वायर वाकवून बघितली, फोनखाली माचिस ठेवून बघितली, दुसरी केबल आणली. फोन गेला तो गेलाच.

कारण जुलैमध्येच झालं होतं. लावणीच्या वेळी फोन वरच्या खिशात, वरून इरलं, तरी चिखलणीचं पाणी उडून पोर्टमध्ये गेलं होतं. मी पुसलं, फुंकर मारली, वाळलं असं समजून चार्जिंगला लावलं. ओल्या पोर्टमध्ये वीज गेली की आतल्या बारीक पट्ट्या हिरव्या पडून गंजायला लागतात. एका दिवसात काही होत नाही. लावणीत गेलेला चिखल सप्टेंबरात बोलला.

दुरुस्तीला भोरला जायला दोन दिवस गेले, पोर्ट यायला आणखी तीन. तोवर मुदत संपत आलेली. पुतण्याच्या फोनवरून तीन गटांची नोंद पुन्हा केली. चौथ्या गटाकडं जायची वाट ओढ्याच्या पाण्यानं बंद होती. तो राहिला. नंतर भरून घेता आला असता, तो आळस माझाच. ऑक्टोबरात परतीच्या पावसानं नेमकं त्याच तुकड्यातलं इंद्रायणी आडवं केलं. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नाही, मग नुकसानीच्या यादीत गट कसा येणार? पावणेदोन एकर. एवढ्या मोठ्या भानगडीचं मूळ काय, तर नखाएवढं पोर्ट.

आता मुद्द्यावर येतो. आधी मला वाटायचं सारखं घालून-काढून पोर्ट झिजतं. भोरच्या दुरुस्तीवाल्या पोरानं मला शहाणं केलं. जुनी बारीक मायक्रो पिन असो की आताची टाईप सी, दोन्ही दहा हजार वेळा घालून-काढून टिकेल अशी बनवायची असते. रोज दोनदा चार्जिंग धरलं तरी तेरा वर्षं व्हायला पाहिजेत. मग आपली दोन वर्षांत का जाते? त्याच्या टेबलावर येणारे फोन तीन कारणांनी येतात म्हणाला. चिखल-ओल, भाताचा भुसा आणि कापडाचे तंतू, आणि वायर लावलेली असताना कुणीतरी पाय अडकवून दिलेला आडवा हिसका. यातलं एकही कारण कंपनीच्या त्या दहा हजारांत धरलेलं नाही. तिथं यंत्र स्वच्छ खोलीत सरळ घालतं, सरळ काढतं. आपल्याकडं घालतो आपण, आणि काढते म्हैस.

भुशावरून आठवलं. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवायची पद्धत आपल्याकडं घरोघरी आहे, भाताचा मुलूख ना आपला. ती सोडा. तांदळाची पावडर आणि कणी पोर्टमध्ये बसते. ॲपलनंसुद्धा 2024 च्या सुरुवातीला आपल्या गिऱ्हाइकांना हेच सांगितलं, तांदळात ठेवू नका म्हणून. फोन बंद करा, पोर्ट खाली करून हातावर हलकं आपटा, वाऱ्याला ठेवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय वायर लावू नका. केबल नीट 'टक' करून बसत नसेल तर पोर्ट खराब झालं असं लगेच समजू नका, बहुतेक वेळा तळाशी भुसा दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीनं हलक्या हातानं काढा. सेफ्टी पिन घालू नका. टाईप सी च्या मधोमध एक जिभेसारखी पातळ पट्टी असते, ती मोडली की खेळ खलास.

आता टाईप सी चांगलं की वाईट? चांगलंच. माझ्या कपाटाच्या खणात नोकियाची जाड पिन आहे, बारीक पिन आहे, मग ती मिनी, मग मायक्रो, आणि आता सी. पाच पिढ्यांचे चार्जर आणि एकाचाही दुसऱ्याला उपयोग नाही. टाईप सी 2014 साली आलं. उलटसुलट कसंही जातं, अंधारात गोठ्यात उभं राहून लावता येतं, आणि फोन, पॉवर बँक, लॅपटॉप सगळ्याला तेच. युरोपात 28 डिसेंबर 2024 पासून नव्या मोबाईल-टॅबला चार्जिंगसाठी हेच पोर्ट सक्तीचं झालं. त्याआधी 2023 मध्येच आयफोननं आपली वेगळी पिन सोडून हे घेतलं. आपल्याकडं भारतीय मानक ब्युरोनंही टाईप सी चं मानक काढलंय. म्हणजे गाडी त्याच रस्त्यानं चाललीय, आपण वेगळी पिन मागायचं कारण नाही.

पण टाईप सी चं तोंड असलं म्हणजे आतलं काम टाईप सी चं असतंच असं नाही, हे लक्षात ठेवा. वेल्ह्यात माझ्या मेव्हण्यानं बाजारातून चार्जिंगची विजेरी आणली. पोर्ट टाईप सी. नवीन चार्जरला लावली, ज्याच्या केबलला दोन्ही टोकांना सी असतं, तर ढिम्म. दुकानदाराकडं परत केली, दुसरी आणली, तीही ढिम्म. जुन्या चार्जरला लावली, ज्याला एका टोकाला चपटी मोठी पिन असते, तर सुरू! विजेरी बिघडलेली नव्हती. सी-टू-सी केबलमध्ये चार्जर आधी विचारतो, "पलीकडं कोण आहे?" पलीकडच्या यंत्रात 5.1 किलो-ओमचे दोन बारके रेझिस्टर असतील तरच त्याला उत्तर मिळतं आणि मग तो वीज सोडतो. बनवणाऱ्यानं ते दोन रेझिस्टर वाचवले. किंमत पैशात मोजावी एवढी. ही चूक फक्त स्वस्त मालातच होते असं पण नाही. 2019 साली आलेल्या रास्पबेरी पाय 4 या जगभर खपणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या पहिल्या मालात दोनाऐवजी एकाच रेझिस्टरवर भागवलं होतं, आणि काही चांगल्या केबलींवर तो सुरूच व्हायचा नाही. नंतर सुधारलं.

म्हणून त्या पोरांना पहिली गोष्ट सांगितली ती ही. तुमचं यंत्र गावातल्या कुठल्याही चार्जरवर, कुठल्याही केबलवर, आणि पंपाच्या बॅटरीवर चाललं पाहिजे. पंपाची बॅटरी म्हणजे आपल्या पाठीवरच्या फवारणी पंपाची, 12 व्होल्ट 8 अँपिअरची. पावसाळ्यात तीन-तीन दिवस लाईट नसते तेव्हा आम्ही गाडीतला मोबाईल चार्जर त्या बॅटरीला जोडून फोन चार्ज करतो. हिशेब केला तर बॅटरी 96 वॅट-तासांची आणि पाच हजारची मोबाईल बॅटरी 19 च्या आसपास. मधली गळती आणि बॅटरी तळाला न नेण्याची काळजी धरली तरी दोन-तीन वेळा फोन भरतो. ज्यानं यंत्र बनवायचं त्यानं हे डोळ्यांनी बघावं. असल्या वीजपुरवठ्यावर आम्हाला सरळ साधं पाच व्होल्ट घेणारं पोर्ट लागतं. आमच्याच कंपनीचा फास्ट चार्जर लावा म्हणणारं यंत्र इथं चालायचं नाही.

दुसरी गोष्ट, एक पोर्ट पुरत नाही. हे मी घरात बसून ठरवलेलं नाही. वेल्ह्याकडं आमच्या पाहुण्यांच्या गावात बँकेचं काम करणारा एक पोरगा आहे, मोबाईलला बोटाचं यंत्र जोडून म्हाताऱ्या माणसांचे पैसे काढून देतो. बोटाचं यंत्र फोनच्या एकुलत्या एक पोर्टमध्ये लागतं. म्हणजे ते लावलं की चार्जिंग बंद, आणि वर त्या यंत्राला लागणारी वीजही फोनमधूनच जाते. बाराच्या सुमाराला फोन वीस टक्क्यावर येतो. मग बोटाचं यंत्र काढ, चार्जर लाव, पंधरा मिनिटं थांब, परत यंत्र लाव, परत ॲप उघड. बाहेर ओट्यावर दहा-बारा माणसं बसलेली. त्यात लावणीच्या दिवसात आपली बोटं चिखलानं आणि रोपांच्या पेंढ्या बांधून घासलेली, ठसा तीन-चार वेळा दाबल्याशिवाय येत नाही. प्रत्येक दाबाला वायर हलते आणि यंत्र जोडलेलं नाही असं स्क्रीनवर येतं. एका म्हातारीला मी तीन वेळा रांगेत परत बसताना बघितलंय. पैसे तिचे, बोट तिचं, अडलं कुठं तर पोर्टला.

मधे लावायचा एक जोड मिळतो, ज्यातून चार्जिंग आणि यंत्र दोन्ही चालतं. काही फोनवर चालतो, काहींवर चालत नाही. आणि असले जोड चार दिवसांत हरवतात हे काय सांगायला पाहिजे? आमच्या घरात सुई सापडेल, जोड सापडायचा नाही. तेव्हा दोन टाईप सी, दोन्ही खरेखुरे, दोन्हीतून चार्जिंगही होईल आणि यंत्रही लागेल. एक मेलं तर दुसऱ्यावर हंगाम निघेल. माझ्या त्या फोनला दुसरं पोर्ट असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता.

जागा कुठली? एक खाली, एक बाजूला. दोन्ही खाली शेजारी-शेजारी ठेवली तर जाड केबल लावली की दुसरी बसत नाही, हे लॅपटॉपवर बघितलंय. वरच्या अंगाला नको, पाऊस थेट आत.

दूध संकलन केंद्रावर एक वेगळीच गोष्ट बघायला मिळते. फॅट काढायच्या यंत्राला मागं नऊ टाचण्यांचं जुनं पोर्ट असतं, आरएस-232. हे मानक 1960 चं, माझ्याहून थोरलं! अजून चालतंय. त्याचं कारण मला वाटतं त्याला दोन्ही बाजूंना असलेले दोन स्क्रू. एकदा आवळलं की म्हशीनं ओढलं तरी निघत नाही. पहाटे पाच वाजता थंडीत, केंद्रावर तीस किटल्या रांगेत असताना वायर निघाली आणि आकडा चुकला तर दुधाचा भाव चुकतो. तिथला माणूस म्हणाला, तुमच्या त्या नव्या यंत्राला हे पोर्ट पण द्यायला सांगा. मला पटलं नाही. एवढं मोठं तोंड हातातल्या यंत्राला ठेवलं तर त्यात पावशेर माती बसेल. केंद्रावर एक बदलायची केबल कायम ठेवली की भागतं, ती जागा सोडून कुठं जात नाही म्हणून हरवतही नाही. पण स्क्रूची अक्कल मात्र घ्यावी. टाईप सी ला बाजूनं स्क्रू लावायची सोय असलेला प्रकार आहे, 2016 पासून. बाजूचं पोर्ट तसं ठेवा. ज्याला बोटाचं यंत्र दिवसभर लावायचंय तो आवळून ठेवेल, बाकीचे साधी केबल लावतील.

जुनं चपटं मोठं यूएसबी, पेनड्राईव्हवालं, ते पण नको म्हणतो मी. यावर माझं आणि आमच्या गावातल्या एका मास्तरांचं भांडण झालं. त्यांचं म्हणणं पेनड्राईव्ह अजून सगळीकडं आहेत. आहेत, पण आता दोन्ही तोंडांचे पेनड्राईव्ह मिळतात. आणि त्या पोर्टची पोकळी एवढी मोठी असते की कुंभारीण माशी घर करेल. हसू नका, आमच्या रेडिओच्या पोर्टमध्ये केलं होतं.

आता पुतण्याचं ऐका. तो पुण्यात नोकरीला आहे, त्याचं मत एकदम उलट. "तात्या, पोर्टच ठेवू नका. वायरलेस चार्जिंग, बाकी सगळं ब्लूटूथवर. पोर्टच नाही तर पाणी जाणार कुठून?" बोलण्यात दम आहे, मी कबूल करतो. प्रत्येक पोर्ट म्हणजे पाण्याला एक दार, म्हणूनच मी मागताना हात राखून मागतोय. पण वायरलेसमध्ये बरीच वीज उष्णता होऊन जाते. शहरात भिंतीतून वीज येते तिथं ठीक. पंपाच्या बॅटरीतली मोजून आलेली वीज आम्ही फोन गरम करायला घालवू का? शिवाय फोन त्या चकतीवर नेमका मध्ये ठेवावा लागतो, जीपमध्ये वरंध घाटाच्या रस्त्याला ते कसं जमायचं? आणि ब्लूटूथ म्हटलं की बोटाच्या यंत्राला वेगळी बॅटरी आली, म्हणजे चार्ज करायची वस्तू एक होती त्या दोन झाल्या.

त्याच्या म्हणण्यातलं एक मात्र मी घेतलं. कुरियरवाल्याच्या हातात जे यंत्र असतं त्याच्या पाठीला किंवा बुडाला पितळेसारखे चार-पाच ठिपके असतात, यंत्र खोबणीत ठेवलं की चार्जिंग सुरू. आत जायला जागाच नाही, चिखल लागला तर धोतराच्या सोग्यानं पुसा. तसे ठिपके असावेत. पण फक्त तेवढेच नकोत, कारण ती खोबणी त्याच कंपनीची लागते आणि ती मोडली की यंत्र पाटावर वरवंट्यासारखं ठेवून द्यायचं. रोजचं चार्जिंग ठिपक्यांवर, अडीनडीला टाईप सी. असं केलं तर पोर्टचा वापरच कमी होईल आणि ते जास्त दिवस जाईल.

रबरी झाकणांबद्दल दोन शब्द. मजबूत म्हणून विकतात त्या यंत्रांना पोर्टवर रबरी झाकण असतं, आणि पाणी जात नाही हा दावा ते झाकण घट्ट लावलेलं असेल तरच खरा. पहिल्या महिन्यात आपण नेमानं लावतो. दुसऱ्या महिन्यात ते लोंबायला लागतं. गणपतीपर्यंत गेलेलं असतं. झाकण उघडं असतानाही पाणी आतल्या भागात उतरणार नाही, असे पोर्ट मिळतात, ते घ्या. झाकण वरून चिखलासाठी म्हणून द्या, आणि सुटी झाकणं दहा रुपयाला मिळतील अशी सोय करा.

हेडफोनचं गोल भोक ठेवावं का, यावर माझं अजून ठरलेलं नाही. एका बाजूनं, मोबाईलमधला एफएम रेडिओ हेडफोनच्या वायरीलाच एरियल म्हणून वापरतो, वायर नाही तर रेडिओ नाही. डोंगराआड रेंज गेली, लाईट गेली, आणि धरणातून पाणी सोडायचं बोलणं चाललंय अशा रात्री जिथं एफएम पोहोचतं तिथं त्याचा आधार असतो. केंद्र सरकारनंही 2023 मध्ये मोबाईल बनवणाऱ्यांना एफएम चालू ठेवा असं कळवलं होतं, ते आपत्तीच्या वेळचं बघूनच. शेतीशाळेत स्पीकरला जोडायलाही तीच वायर लागते. दुसऱ्या बाजूनं, आणखी एक दार. मला विचाराल तर आज मी ठेवा म्हणेन, पण दोन टाईप सी आणि ते यात निवडायची वेळ आली तर ते सोडून देईन.

सिम आणि कार्डाचं मात्र पक्कं मत आहे. दोन सिम आणि मेमरी कार्ड, तिन्हीला वेगळ्या जागा. आमच्या एका खोऱ्यात एका कंपनीची रेंज, डोंगर ओलांडला की दुसरीची, त्यामुळं दोन सिमला पर्याय नाही. बऱ्याच फोनमध्ये दुसऱ्या सिमच्याच जागी कार्ड घालावं लागतं, म्हणजे रेंज पाहिजे की फोटो ते ठरवा! ॲपमधली नोंद कार्डावर जात नाही हे मला माहीत आहे, पण शेताचे फोटो तरी कार्डावर राहिले असते आणि यंत्र मेलं तरी दुसऱ्यात घालून दाखवता आले असते.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. वर लिहिलेलं सगळं केलं तरी पोर्ट कधी ना कधी जाणारच. गेल्यावर काय? दुरुस्तीवाल्यानं मला दोन फोन उघडून दाखवले. एकात पोर्ट वेगळ्या छोट्या पट्टीवर, ते लोक त्याला सीसी बोर्ड म्हणतात. चार स्क्रू, एक पट्टी काढली, दुसरी लावली, वीस मिनिटं, काही शे रुपये. दुसऱ्यात पोर्ट थेट मुख्य बोर्डावर झाळलेलं. ते काढायला गरम हवेचं यंत्र, बारीक नजर, आणि शेजारचा एखादा भाग उडाला तर सगळा बोर्डच गेला. बाहेरून दोन्ही फोन सारखे, दोन्हीच्या खोक्यावर टाईप सी. विकत घेताना हे कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आता मी विचारतो. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. "याचा सीसी बोर्ड मिळतो का आणि कितीला?" एवढं घेण्याआधी विचारत जा, नाहीतर आधी दुरुस्तीवाल्याला विचारा आणि मग दुकानात जा.

हा प्रश्न नवा नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी आणि एन्कोर सॉफ्टवेअर कंपनीच्या लोकांनी मिळून खेड्यातल्या माणसासाठी हातात मावणारा कॉम्प्युटर केला होता, सिंप्युटर नावाचा. 2001 साली त्याचा नमुना दाखवला, 2004 साली अमिदा सिंप्युटर म्हणून बाजारात आला. कर्नाटकात जमिनीच्या नोंदी गोळा करायला तो वापरलाही. फार खपला नाही, पुढं मोबाईल स्वस्त झाले आणि तो मागं पडला. पण त्या लोकांनी त्याला स्मार्ट कार्डाची खाच दिली होती, आणि ती का दिली ते मला फार आवडलं. एकट्याला यंत्र परवडणार नाही, तर गावात एक घ्यावं, प्रत्येकानं आपलं कार्ड बाळगावं, आणि आपली पाळी आली की कार्ड घालून आपलं काम करावं. म्हणजे आधी त्यांनी गाव बघितलं आणि मग खाच ठरवली. पंचवीस वर्षांपूर्वी!

त्या पोरांना मी प्रश्नावलीच्या मागच्या कोऱ्या पानावर हे सगळं लिहून दिलं. दोन टाईप सी, एक आवळता येणारं. पाठीला ठिपके. दोन सिम, कार्ड वेगळं. गोल भोक जमलं तर. पोर्टची पट्टी सुटी, आणि ती भोर, नसरापूर, वेल्हे इथल्या दुकानात मिळाली पाहिजे. वर एक अट घातली. नमुना तयार झाला की वातानुकूलित खोलीत त्याची चाचणी घेऊन मला फोटो पाठवू नका. आषाढात लावणीला या, यंत्र माझ्या खिशात द्या, आठ दिवस मी चिखलणी करतो, मग संध्याकाळी ओसरीवर बसून बघू चार्जिंग होतंय का.

पोरगी हो म्हणाली. येताना गमबूट आणायला सांगितलेत.